एकोणीस माणसांचं हॉटेल

पोलादपूरच्या नाक्यावर मालोजी सकपाळाचं हॉटेल होतं तेव्हाची ही गोष्ट. तेव्हाची म्हणजे, आंबेनळीचा घाट चढायच्या आधी एस.टी.चा ड्रायव्हर गाडीला पाणी पाजायचा आणि स्वतःला चहा, तेव्हाची. गाडी थांबली की निम्मी माणसं मोरीकडे धावायची, निम्मी भज्यांच्या कढईकडे. शहाणी असायची ती मात्र गुपचूप आतल्या बाकावर बसून भाकर सांगायची. कारण त्या हॉटेलात खाण्यासारखी वस्तू एकच होती, ठकूबाईच्या हातची भाकर आणि तिच्याबरोबर कुळथाची पिठी. बाकी सगळं महाडलाही मिळायचं, आणि खरं बोलायचं तर भजी महाडला जास्त बरी मिळायची.

हॉटेल बावन्न साली निघालं. चार बाकं, दोन चुली आणि वर गवताचं छप्पर. त्याच्या आधी मालोजी मुंबईला गिरगावात एका हॉटेलात कपबश्या विसळायचा आणि त्याच्या शेजारच्या टाकीवर त्याचा जिवाभावाचा दोस्त सहदेव उतेकर भांडी घासायचा. दोघं एकाच वाडीचे, एकाच दिवशी मुंबईला गेलेले, एकाच गोणपाटावर झोपणारे. दोघांनी मिळून पोलादपूरला हॉटेल काढायचं असं पक्कं ठरलेलं होतं. पण एक्कावन्न साली सहदेव आठ दिवसांच्या तापानं गेला. ठकूबाई त्याची बायको. तेव्हा तिशीची, पदरात चार वर्षांची आवडी.

हॉटेलाचा नारळ फुटला त्या दिवशी मालोजी वाडीवर तिच्या दारात येऊन उभा राहिला. म्हणाला, "वयनी, दोन चुली मांडल्यात. एक माझी, एक त्याची. त्याची चूल तुमी सांभाळा."

तिनं सांभाळली. अहो, नुसती सांभाळली म्हणणं म्हणजे अन्यायच. पहाटे पहिल्या गाडीच्या आधी आधण ठेवायचं आणि रात्री शेवटची गाडी गेली की काटवट घासून भिंतीला उभी करायची, असं चौदा वर्षं. तव्यावर एक, निखाऱ्याला एक आणि हातात एक, अशा तीन भाकरी तिच्या एकाच वेळी चालू असायच्या, आणि तोंडानं बोलणंही चालूच. थापण्याचा आवाज पार रस्त्यापर्यंत जायचा. मागच्या खोलीत तिचा संसार होता. आवडी तिथंच वाढली, तिथूनच लग्न होऊन तळीयेला गेली, आणि तिच्या लग्नाला कन्यादान मालोजीनं आणि त्याच्या बायकोनं, प्रयागबाईनं केलं. तो ठकूबाईला वयनी म्हणायचा, ती त्याला भावजी. आता अशा ठिकाणी कोण नोकर आणि कोण मालक, सांगा बरं.

तर तेच सगळं नडलं.

हॉटेल वाढलं, कौलं चढली, माणसं वाढली. चहावाला गोमाजी, भज्यांवरचा चांगू, बाकांवर वाढणारा हैबती, सावित्री नदीवरून कावडीनं पाणी आणणारे, लाकडं फोडणारे, बश्या विसळणारे. मग सरकारचा हुकूम आला की माणसांची हजेरी ठेवा. मालोजीनं महाडहून लाल पाठीची वही आणली, शाईची दौत उघडली आणि एकेकाला बोलावून नाव लिहिलं. ठकूबाई हात पुसत आली तर तो हसला. म्हणाला, "तुमचं कशाला वयनी? तुमी घरच्या. घरच्या मान्साचं नाव वहीत घालून त्याला परकं करायचं काय?"

तिला तेव्हा गोड वाटलं. का वाटू नये? घरचं म्हणणारं माणूस होतंच कोण तिला दुसरं?

पुढं एकसष्ट साली फंडाचा कायदा हॉटेलांना लागू झाला. म्हणजे काय, तर ज्या हॉटेलात वीस माणसं कामाला, तिथं दर महिन्याला पगारातून थोडे कापायचे, तेवढेच मालकानं आपल्या खिशातून घालायचे आणि ते सरकारात भरायचे. म्हातारपणी माणसाला मिळतात. माणूस मध्येच गेला तर त्याच्या बायकोला मिळतात. हे ऐकलं आणि मालोजीनं लाल वही उघडून नावं मोजली. एकोणीस भरली. त्यानं वही मिटली आणि त्या दिवसापासून हॉटेलात विसावं नाव चढलं नाही. एखादा गडी मुंबईला पळाला की त्याच्या जागी एक घ्यायचा, पण एकच. विसावं माणूस चुलीपुढे बसून भाकरी थापत होतं, पण ते घरचं होतं.

त्याला लबाड म्हणायला माझी जीभ लगेच उचलत नाही. चांगली वर्षं होती तोवर ती लबाडीच होती, हे मी मान्य करतो. पण सहासष्ट साल आलं आणि सगळ्यांचीच पाचावर धारण बसली. पाऊस नीट नाही, तांदूळ दिसेना, साखर परमिटवर. रुपयाची किंमत उतरली म्हणून पेपरात आलं आणि आठ दिवसांत रॉकेल, तेल, चहा सगळं महाग झालं. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, मिळायला लागली. महाबळेश्वरला हवा खायला जाणारे शेठलोक घरीच बसून वारा घ्यायला लागले. सीझनला जिथं बसायला जागा नसायची, तिथं हैबती दुपारी बाकावर आडवा होऊन घोरायचा. मालोजीनं प्रयागबाईच्या पाटल्या मोडल्या, हे सगळ्या पोलादपूरला माहीत होतं. पण एकालाही कामावरून काढलं नाही, हेही माहीत होतं.

त्या मिलोनं तर ठकूबाईला पहिले आठ दिवस रडवलं. त्याच्या पिठाला चिकटपणा म्हणून नाही. थापायला घेतलं की कडा फाटायच्या, तव्यावर टाकलं की तुकडे. मग तिनं युक्ती काढली. मिलोत निम्मी नाचणी घालायची, उकळत्या आधणात पीठ टाकून उकड काढायची, ती तशीच गरम मळायची, हात भाजला तरी मळायची. अशी भाकर मात्र रेशमासारखी वळायची. ड्रायव्हर लोक म्हणायचे, मिलो खावा तर मालोजीच्यात. त्या वाईट वर्षात हॉटेल उभं होतं ते त्या भाकरीवर, आणि हे मालोजीलाही कळत होतं.

डिसेंबरात एके दिवशी दुपारच्या महाड गाडीच्या कंडक्टरनं बातमी आणली. फंडाचा इन्स्पेक्टर महाडला उतरलाय. काल दोन हॉटेलांत माणसं मोजली, उद्या पोलादपूर.

मालोजीनं हातातली बशी ठेवली आणि लाल वही काढून पुन्हा नावं मोजली.

गिऱ्हाईक पांगल्यावर तो चुलीजवळ आला, पाटावर बसला, आणि निखारे सारखे करायला लागला. मग म्हणाला, "वयनी, दोन दिवस वाडीवर जाऊन या. सकाळच्या घाटाच्या गाडीनं जावा. भाकरी परयाग बघंल."

"मला कशाला घालवताव, भावजी?"

"तुमी मोजल्या गेलात तर वीस होतात. वीस झाली की मागचं-पुढचं सगळं भरायला लावतील. कुठून भरू? ह्या वर्सात कुठून भरू? कुलूप लावावं लागंल वयनी, आनि ही एकोनीस पोटं मी कुठं घालू?" त्यानं एक लाकूड चुलीत सारलं. "दोनच दिवस."

ती म्हणाली, "जाते." त्याचा पडलेला चेहरा बघून तिच्यानं दुसरं काही बोलवलंच नाही.

पण ते बोलणं चहाच्या चुलीवरून गोमाजीनं ऐकलं होतं. गोमाजी साठीला टेकलेला, धुरानं छाती गेलेली, चार पावलं चालला की धाप. संध्याकाळी तो तिला बोलला, तिच्याकडे न बघता. "माझा पुतन्या मुंबईत गिरनीत हाय, ठकूबाय. त्याचा फंड कापतात. मी म्हनायचो, आपल्याला कसला मिलतोय. आज कल्लं, आपुन एकोनीस हाव म्हनून नाय मिलत. एक मानूस कमी पडतंय." तो खोकला, कप विसळला, उगाचच पुन्हा विसळला. "मी काय बोलत नाय गो. त्याचं मीठ मी पन खाल्लंय. पन मी गेलो तर माझ्या बायकोच्या हातात काय, ह्यो कप?"

ठकूबाईला त्या संध्याकाळी आपल्याच भाकरीचा घास उतरेना. एकीकडे ज्यानं तिची पोर उजवली तो माणूस. दुसरीकडे ही एकोणीस तोंडं, आणि त्यांचं सगळं म्हातारपण तिच्या एका नावाला टांगलेलं. बरं, तिला कुणी विचारलंय तरी कुठं? तिनं फक्त गाडीत बसायचं होतं.

सकाळी तिनं गाठोडं बांधलं. वाडीवरच्या पोरांना म्हणून चार भाकरी घेतल्या, लुगडं घेतलं आणि नाक्यावर आली. गाडी आली नाही. वरून येऊन परत फिरणारी गाडी घाटात बंद पडलीय, साडेनऊशिवाय येत नाही, असं कुणीतरी सांगितलं. थंडी मी म्हणत होती. हैबती तिला बघून म्हणाला, "मावशे, भायेर कुडकुडतेस कशाला? आत बस की." आणि त्यानं तिला समोरच्या, दाराजवळच्या बाकावर बसवलं.

चौदा वर्षांत ती त्या बाकावर कधी बसली नव्हती.

तिथून हॉटेल वेगळंच दिसत होतं. गल्ल्यावरचा भैरोबाचा फोटो तिनं आजवर मागून पाहिलेला, म्हणजे त्याचा काळा पडलेला पुठ्ठा. आज पहिल्यांदा देवाचं तोंड दिसलं. खांबावर मालोजीनं पहिल्या वर्षी कोरलेलं बावन्न साल दिसलं. ह्याच खांबाला तिनं आवडीचा झोका बांधला होता. पहिल्या दिवशी पहिली भाकर तव्यावरून उतरली तेव्हा मालोजीनं ती कुणाला विकली नव्हती. तिचे दोन तुकडे करून एक स्वतः खाल्ला होता आणि दुसरा पानावर घालून कोपऱ्यात ठेवला होता. "सहदेवाचा," म्हणाला होता. दोघंही तेव्हा ओक्साबोक्शी रडले होते, आणि बाहेर ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. किती गरीब दिवस होते ते, आणि काय भरलेले होते!

आणि मग तिला गिरगाव आठवलं. ते तिला आठवायचं नव्हतं.

सहदेव गेल्यावर तेराव्या दिवसानंतर मालोजी तिला मुंबईला घेऊन गेला होता, त्या हॉटेलच्या शेठकडे. सहदेवाचा राहिलेला पगार आणि अकरा वर्षांच्या कामाचं काही मिळतंय का बघायला. शेठनं चष्मा लावला, वही उघडली, बोट फिरवत फिरवत खाली आणलं आणि वही मिटली. "सहदेव? ह्या नावाचा माणूस आपल्याकडे कधी नव्हता." शेजारी टाकीवर सहदेवाचा भांडी घासायच्या राखेचा डबा अजून तसाच होता. मालोजी तिथं शेठच्या अंगावर धावून गेला. चौघांनी त्याला रस्त्यावर आणून टाकला. फुटलेल्या ओठानं, ट्रामच्या रुळांजवळ उभा राहून तो तिला म्हणाला होता, "वयनी, शपथ घेतो. माझं हॉटेल झालं ना, तर वहीत पयलं नाव तुमचं असंल."

तो विसरला. माणूस विसरतं. तिनंही त्याला कधी आठवण दिली नाही, ती घरची होती ना!

इतक्यात महाडची गाडी लागली आणि एक किडकिडीत, धोतर-कोटातला, चामड्याची बॅग घेतलेला माणूस उतरला. मालोजी गल्ल्यावरून उठून उभा राहिला, तिथंच सगळ्यांना कळलं. इन्स्पेक्टर दहाच्या गाडीनं येणार म्हणून सगळी गणितं मांडलेली आणि हा बाबा साडेआठलाच हजर!

"नमस्कार. हजेरीची वही बघू," तो म्हणाला. सरळ माणूस होता. चहासुद्धा नको म्हणाला. वही उघडून एकेकाचं नाव पुकारलं आणि एकेकाला डोळ्यांनी तपासलं. गोमाजी. चांगू. हैबती. एकोणीस नावं, एकोणीस माणसं. मग आत डोकावला. चुलीपुढे प्रयागबाई घामाघूम होऊन बसलेली.

"या कोण?"

"माझी बायको," मालोजी म्हणाला. ते तर खरंच होतं.

"आणि या बाई?" त्यानं दाराजवळच्या बाकाकडे बघितलं.

मालोजीनं ठकूबाईकडे बघितलं नाही. "पाशिंजर हाय. घाटातली."

ठकूबाईनं गाठोडं जवळ ओढलं. पाशिंजर तर पाशिंजर! तिला राग यायला हवा होता, पण आधी रडूच आलं. ते तिनं पदरानं पुसलं आणि रस्त्याकडे तोंड करून बसली. गाडी आली की ती निघून गेली असती, आणि ही गोष्ट इथंच संपली असती.

पण इन्स्पेक्टरला भूक लागली होती. काम आटोपलं, तेव्हा पैसे आधी गल्ल्यावर ठेवून त्यानं भाकर आणि पिठी मागवली. दोन ड्रायव्हर शेजारी बसले होते, त्यांनीही. हैबतीनं जाता जाता एक ताटली ठकूबाईपुढे पण ठेवली, गिऱ्हाईक दिसावं म्हणून.

ठकूबाईनं ताटलीत बघितलं. भाकर कसली ती! कडा फाटलेल्या, मधून तडा, वरून करपलेली आणि आतून कच्ची. प्रयागबाईनं गार पाण्यात मिलो मळला होता. तिची काय चूक? दहा वर्षांत तिनं घरच्या चौघांपलीकडे भाकरी केल्या नव्हत्या, आणि मिलोच्या तर कधीच नाही.

"आज काय पत्रे लावलेत काय तव्यावर?" एक ड्रायव्हर ओरडला. "अरे, भाकर कुनी थापली ही?"

ठकूबाईनं दोन्ही हात गाठोड्याखाली दाबून धरले. इन्स्पेक्टरनं भाकरीचा तुकडा पिठीत बुडवला. तुकडा विरघळून पिठीत बुडाला तो बुडालाच. त्यानं बोटानं शोधला. आत तव्यावर दुसरी करपली, त्याचा वास आला. तिला तो वास दहा पावलांवरून कळायचा. चौदा वर्षांत ह्या हॉटेलातून असलं ताट बाहेर गेलं नव्हतं. सहदेवाच्या चुलीवरून नव्हतं गेलं.

ती उठली. आपण का उठतोय हे तिनं मनाशी ठरवलंच नाही, बाकीच्यांसारखंच तिलाही ते नंतर कळलं. पदर खोचून ती सरळ आत गेली, प्रयागबाईला म्हणाली, "सर गो बाय, सर तिकडं," आणि आधणात पीठ टाकलं. प्रयागबाई इतकी दमली होती की तिनं भैरोबाला हात जोडले आणि बाजूला झाली.

थप, थप, थप. गोमाजीनं चहाचं भांडं खाली ठेवलं. मालोजी गल्ल्याला धरून उभा राहिला.

ठकूबाईनं पहिली टम्म फुगलेली भाकर हैबतीच्या हातात दिली. "त्या सायबाच्या ताटात घाल. आदीची उचल."

इन्स्पेक्टरनं ती भाकर खाल्ली. सगळी खाल्ली. शांतपणे हात धुतले आणि चुलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"बाई, तुम्ही पॅसेंजर ना?"

ठकूबाईच्या हातातला गोळा तसाच राहिला. खोटं बोलायला जीभ वळेना आणि खरं बोलायला छाती होईना.

"बरं, ते राहू दे. नाव काय तुमचं?"

"ठकूबाय."

"पूर्ण सांगा. नवऱ्याचं नाव?"

तिनं मान खाली घातली. प्रयागबाईच मधे बोलली, "आमच्यात बाया नवऱ्याचं नाव घेत नाय, सायेब. आनि तो तर देवाघरी गेलाय."

"मग दुसऱ्या कुणी सांगा. यांच्या ओळखीचं आहे का कुणी इथं?"

एकोणीस माणसं होती, आणि ते नाव त्यातल्या प्रत्येकाला माहीत होतं. गोमाजीनं तोंड उघडलं, मालोजीकडे बघितलं आणि मिटलं. चांगू कढईत बघत राहिला. जो सांगेल तो ह्या बाईला ओळखतो, आणि ओळखतो तर ती पॅसेंजर नाही, एवढं न कळण्याइतकं भोळं तिथं कुणी नव्हतं.

ठकूबाईनं वर बघितलं. सगळ्यांना सोडून एकाकडेच बघितलं. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती.

"भावजी, तुमी सांगा. तुमच्यासारखं ते नाव दुसऱ्या कुनाला ठावं नाय."

मालोजीनं लाल वहीकडे बघितलं. त्याला काय दिसत होतं ते ठकूबाईला पक्कं कळत होतं, कारण तिलाही तेच दिसत होतं. वहीवरून खाली घसरत आलेलं एक बोट, आणि मिटलेली वही. आता फक्त "मला ठाऊक नाय" एवढंच म्हणायचं होतं. तेवढं म्हटलं की हॉटेल वाचत होतं. तेवढंच त्या शेठनंही म्हटलं होतं.

रस्त्यावर घाटाची गाडी येऊन थांबली. कंडक्टरनं घंटा दिली. ठकूबाई हलली नाही.

"सहदेव," मालोजी म्हणाला. मग मोठ्यानं म्हणाला, साऱ्या हॉटेलला ऐकू जाईल असं, "सहदेव भागोजी उतेकर. माझा दोस्त. ही त्याची बायको. पयल्या दिसापासून हितं चुलीवर हाय, सायेब, चौदा वर्सं. वहीत नाय, ती माझी हरामखोरी. लिवा."

आणि तो एवढा मोठा, पोट सुटलेला, मिशावाला माणूस गल्ल्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा रडायला लागला. गोमाजी पुढं झाला आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला, स्वतः खोकत.

इन्स्पेक्टरनं लाल वही उघडली, एकोणीसच्या खाली वीस आकडा घातला आणि सावकाश लिहिलं. मग म्हणाला, "मागचं एकदम भरू नका. हप्त्यांनी द्या, मी तसं लिहितो. आणि बाई, मला आणखी एक भाकर बांधून द्या."

हॉटेलला कुलूप लागलं नाही. लागता लागता राहिलं, हेही खरं. वाडीवरचा माळ विकावा लागला, भज्यांत कांदा कमी झाला आणि दर महिन्याला पैसे भरायला महाडला जाताना मालोजी सगळ्या हॉटेलला ऐकू जाईल असा कुरकुरायचा, "त्या सहदेवानं मेल्यावर पन मला खाल्ला रे!" तेव्हा चुलीपासून गल्ल्यापर्यंत सगळे हसायचे. गोमाजी पुढच्या वर्षी गेला. त्याचे एका वर्षाचे का होईना, जेवढे होते तेवढे त्याच्या बायकोच्या हातात पडले.

अडुसष्ट साली पहिल्यांदा सगळ्यांच्या नावानं फंडाच्या चिठ्ठ्या आल्या. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. मालोजी चिठ्ठ्या वाटत चुलीजवळ आला. मुंबईच्या पाट्या वाचून वाचून शिकलेलं त्याचं इंग्रजी, डोळ्यांजवळ कागद धरून त्यानं तिची रक्कम वाचून दाखवली. ठकूबाई थापता थापता थांबली.

"परत वाचा."

त्यानं पुन्हा रक्कम वाचली. "कल्लं? पुढच्या वर्सी वाढंल."

"तो आकडा ऱ्हाऊ दे, भावजी," ती म्हणाली. "त्याच्या वरचं वाचा. नाव."

मालोजीनं वाचलं, "ठकूबाई सहदेव उतेकर."

"परत," ती म्हणाली, आणि तव्यावरची भाकर उलटायची राहिली.